परवा म्हणजे नेमकं कधी?

मा. संपादक,

वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठामुळे परदेशी विद्यार्थी आपल्या भागाला नवे नाहीत. त्यांना आपली संस्कृती कळावी म्हणून सुरुवातीला एक व्याख्यान होतं, फेटे बांधतात, फोटो निघतात. मग पोरं पाहणीला खेड्यात जातात आणि पारावरच गाडं अडतं.

हिंदी शिकून आलेल्याला आपल्या बोलीतले ‘काऊन’ (का), ‘कायले’ (कशाला), ‘मले’ (मला) आठवडाभरात उमगतात. अडचण दुसरीच आहे. ‘परवा फवारलं’ आणि ‘परवा फवारतो’ यांतल्या क्रियापदाकडे कान नसला तर नोंद चार दिवसांनी चुकते. म्हणून ‘आज किती दिवस झाले?’ असं विचारायला शिकवावं. ‘मिरगात पेरलं’ याचा अर्थ 7-8 जूननंतरचे दोनेक आठवडे. नेमकी तारीख हवी तर ‘पहिल्या पावसानंतर किती दिवसांनी?’ हा पुढचा प्रश्न. ‘येतो’ म्हणून घरधनी निघून जातो, विद्यार्थी वाट पाहत ओट्यावर बसतो. ‘पाहू नं’ हा तर बहुतेक वेळा नकारच, पण वहीत तो होकार म्हणून उतरतो.

एका गावाला निदान तीन फेऱ्या हव्यात. पहिल्या फेरीत वही नको; अर्धा तास बसावं, चहा नको असला तरी ‘अर्धा कप द्या’ म्हणावं. दुसरीत सोबत दुभाषा म्हणून इथला विद्यार्थी द्यावा. इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. काकाजी पाच मिनिटं बोंडअळीवर बोलतात आणि सोबती सांगतो, ‘कापूस ठीक आहे म्हणतात.’ त्याला दर दोन वाक्यांनी थांबून सांगायची सवय आधी वर्गात लावावी, आणि शेतकऱ्याच्या वतीनं उत्तर देऊ नये ही ताकीदही. तिसऱ्या फेरीला परदेशी विद्यार्थ्यानं विचारावं, सोबत्यानं गप्प बसावं.

तयारी गावाचीही हवी. ‘लगन झालं काय?’, ‘बाप काय कमावते?’ हे आपुलकीचे प्रश्न आहेत, हे पाहुण्याला आधी सांगता येतं. पण आफ्रिकी मुलाला ‘काळ्या’ म्हणणं, न विचारता केसांना हात लावणं, यात कसली आली आपुलकी? हे सरपंचांनी ग्रामसभेतच स्पष्ट सांगितलेलं बरं.

आणि वेळापत्रकातून पोळा व दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा (पोरांचा, लाकडी बैलांचा) तेवढे वगळा. त्या दोन दिवसांत प्रश्नावलीला कोणी उभं करणार नाही. नुसतं जेवायला गेले तर मात्र पुरणपोळी नक्की मिळेल.

आपला,
एक वाचक, जि. वर्धा