सर्व्हर मोनोरेपोतून बाहेर कसा काढायचा, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतला मोनोरेपोवरचा लेख वाचला. फ्रंटएंड, बॅकएंड आणि दोघांना लागणारा सामाईक कोड एकाच गिट रिपॉझिटरीत ठेवण्याचे फायदे त्यात नीट आले आहेत. पण लॅपटॉपवर सर्व्हर सुरू झाला की लेख संपतो. नवख्यांची दमछाक होते ती त्यापुढे, हा एकटा सर्व्हर डॉकर वापरून कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह कुठेही चालणाऱ्या बंद डब्यात) नेताना.

लेखातलीच मांडणी घेऊ: नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), टाइपस्क्रिप्ट (टाइप्सची जोड असलेली जावास्क्रिप्ट) आणि पीएनपीएम (पॅकेजेस इन्स्टॉल करणारे साधन). 'ॲप्स'मध्ये 'एपीआय' (हाच तो सर्व्हर) व 'वेब', 'पॅकेजेस'मध्ये सामाईक कोड. लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) मात्र एकच, तीही मुळाशी. त्यामुळे 'एपीआय' फोल्डरमध्ये शिरून डॉकर बिल्ड चालवला, तर लॉकफाइल हाती लागतच नाही. डॉकर दिलेल्या फोल्डरच्या वर पाहत नाही. बिल्ड मुळातूनच चालवावा आणि डॉकरफाइलचा (बिल्डच्या सूचनांच्या फाइलचा) पत्ता वेगळा द्यावा. आधी लॉकफाइल, वर्कस्पेसची फाइल (पॅकेजेस कुठल्या फोल्डरांत आहेत ते सांगणारी) आणि प्रत्येक पॅकेजची पॅकेज.जेसन कॉपी करून इन्स्टॉल, मग कोड. हा क्रम उलटला, तर वेबच्या सीएसएसमधली एक ओळ बदलली तरी सगळे पुन्हा इन्स्टॉल होते.

सामाईक पॅकेजची एंट्री थेट टाइपस्क्रिप्ट फाइलकडे वळवण्याचा सल्ला लेखात आहे. तो अर्धवट आहे. नवा नोड टाइपस्क्रिप्ट थेट चालवतो खरा, पण नोड_मॉड्यूल्स या इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसच्या फोल्डरमधली नाही, आणि इमेजमध्ये (कंटेनर ज्यातून सुरू होतो त्या साच्यात) सामाईक पॅकेज नेमके तिथेच जाऊन बसते. म्हणून ते आधी 'डिस्ट' फोल्डरमध्ये जावास्क्रिप्ट म्हणून बिल्ड झालेच पाहिजे. पीएनपीएमच्या बिल्ड कमांडला दिलेल्या फिल्टरमध्ये 'एपीआय'नंतर तीन टिंबे दिली, की ज्यांच्यावर ते अवलंबून आहे ती पॅकेजेस आधी बिल्ड होतात.

पुढे 'पीएनपीएम डिप्लॉय', म्हणजे फक्त 'एपीआय' आणि त्याला लागणारी पॅकेजेस वेगळ्या फोल्डरमध्ये काढणारी कमांड. दहाव्या आवृत्तीपासून त्याला वर्कस्पेस पॅकेजेस इंजेक्ट करण्याची (लिंकऐवजी प्रत ठेवण्याची) सेटिंग किंवा 'लेगसी' फ्लॅग लागतो; नसेल तर येणारा एरर निदान स्पष्ट असतो. दुसरी गोम छुपी आहे. 'डिस्ट' गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत असते (असायलाच हवे), आणि डिप्लॉय गिटइग्नोर पाळतो. बिल्ड हिरवा, इमेज तयार, कंटेनर मात्र 'मॉड्यूल सापडले नाही' म्हणून कोसळतो. पॅकेज.जेसनच्या 'फाइल्स' यादीत 'डिस्ट' लिहिले की सुटते. यावर अनेकांची अख्खी दुपार जाते, आणि खापर बिचाऱ्या डॉकरवर फुटते.

कंटेनर सुरू होऊनही बाहेरून उत्तर येत नसेल, तर होस्ट तपासावा. फास्टिफाय हा सर्व्हर फ्रेमवर्क मुळात लोकलहोस्टवरच, म्हणजे कंटेनरच्या आतूनच ऐकतो, त्याला ०.०.०.० (सगळीकडून ऐक) सांगावे लागते. डॉटएन्व्ह ही सेटिंग्जची फाइल चालू फोल्डरमध्ये शोधली जाते आणि सापडली नाही तरी सर्व्हर न थांबता पुढे जातो, म्हणून पोर्ट, डेटाबेसचा पत्ता वगैरे सुरुवातीलाच तपासून, नसेल तर तिथेच थांबवावे. शेवटची कमांड थेट नोडची असावी आणि कोडमध्ये सिगटर्म (थांबण्याचा इशारा) हाताळलेला असावा. नाहीतर डॉकर थांबवताना १० सेकंद वाट पाहतो, मग प्रक्रिया मारून टाकतो आणि चालू रिक्वेस्ट अर्ध्यावर तुटतात.

पुरवणीच्या पुढच्या भागात चालणारी एक पूर्ण डॉकरफाइल छापावी, ही विनंती. स्क्रीनशॉट नको, त्यातून कॉपी करता येत नाही.

आपला,
एक बॅकएंड डेव्हलपर, ठाणे