रात्री नऊचं इंटरनेट आणि आमच्या धंद्याचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘केबलवाल्याचं नेट दिवसा पळतं आणि रात्री रांगतं’ अशी तक्रार आपल्या पत्रांच्या सदरात अधूनमधून वाचायला मिळते. ती खोटी नाही. मी पूर्व नागपुरात हाच धंदा करतो. आधी टीव्हीच्या केबलचा, आता फायबर इंटरनेटचा. जेवणं आटोपली की फोन सुरू होतात : ‘भाऊ, नेट चालूनच नाही राहिलं!’ बोलणी खायला आमची ना नाही. पण दोष नेमका कुठे आहे हे ग्राहकाला ठाऊक असलं, तर बोलणी योग्य जागी लागतील. म्हणून हे पत्र.

समजा, एका लहान प्रोव्हायडरकडे हजार ग्राहक आहेत आणि प्रत्येकाचा प्लॅन १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिटचा वेग; १००० एमबीपीएस म्हणजे १ जीबीपीएस). कागदावर त्याच्याकडे १०० जीबीपीएसची लिंक, म्हणजे वरच्या पुरवठादाराकडून घेतलेली मुख्य लाइन, हवी. तेवढी कुणीच घेत नाही, मोठ्या कंपन्याही नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी पन्नासास एक (पन्नास घरांमागे एका घराचा वेग) असं वाटपाचं प्रमाण ट्राय या दूरसंचार नियामकाने २००९च्या मार्गदर्शक सूचनांत धरलं होतं. त्या हिशेबाने हजार घरांना २ जीबीपीएस पुरावेत. निमंत्रणं हजाराची आणि पंगत विसाची. तरी पूर्वी कुणी उपाशी उठत नसे. लोक एखादं पान उघडायचे, वाचत बसायचे, तेवढ्यात लाइन दुसऱ्याला मोकळी व्हायची.

आता टीव्हीच नेटवर चालतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, की फुल एचडीला ५ एमबीपीएस लागतात आणि फोर-केला १५. म्हणजे हजारापैकी चारशे घरांत एकाच वेळी फुल एचडी लागलं की २ जीबीपीएस तिथेच संपले. मुलांच्या हातातले मोबाइल, दारावरचा कॅमेरा, गेमचे अपडेट वेगळेच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवरच्या चित्राचा दर्जा काही काळ उतरवून देशभरच्या लाइनींना जरा श्वास घेऊ दिला होता. तेव्हा घरात लागलेल्या सवयी मात्र टाळेबंदीबरोबर उठल्या नाहीत. इथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या कंपन्यांत नोकरी करणारं कुणी घरून काम करत असेल, तर त्याची मीटिंग अडकलेली चालत नाही. आणि ते बरोबरच आहे.

आमच्या ऑफिसात एका स्क्रीनवर अपलिंकचा, म्हणजे त्या मुख्य लिंकच्या वापराचा, ग्राफ चोवीस तास चालू असतो. दुपारी रेषा खालीवर होत असते, सातनंतर चढू लागते. लिंक पुरेशी असली तर नऊ-साडेनऊला ती टोक काढून साडेअकरापर्यंत उतरते. पुरेशी नसली तर टोक निघतच नाही. वर गेलेली रेषा पट्टीने आखल्यासारखी सपाट होते. तो सपाट माथा दिसला की समजायचं, आता पॅकेट (डेटाचे तुकडे) गळताहेत, कुणाच्या तरी पडद्यावर चकती फिरते आहे. ट्रायच्या २००६च्या मापदंडांत गर्दीच्या वेळी लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत ठेवा असं होतं. माझ्या मते ८० नव्हे, ७० टक्क्यांना पोहोचलात की वाढीव लिंकची ऑर्डर टाकावी. कारण आज मागितलेली लिंक उद्या मिळत नाही. वरच्या पुरवठादाराचा पोर्ट, मुंबईपर्यंतच्या लाइनीवरची जागा, कागदपत्रं यांत आठवडे जातात.

पैशाची गोष्ट इथेच येते. आम्हाला मिळणाऱ्या घाऊक बँडविड्थचं बिल पुष्कळदा ‘नाइंटी-फिफ्थ पर्सेंटाइल’ पद्धतीने निघतं. दर पाच मिनिटांचा वापर नोंदवायचा, महिन्याअखेरीस सर्वांत वरचे पाच टक्के आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांत जो सर्वांत मोठा त्यावर बिल. तीस दिवसांच्या महिन्यात ही सूट ३६ तासांची होते, रोजची जेमतेम सव्वा तास. संध्याकाळची गर्दी तीन-चार तासांची. म्हणजे दिवसभर लाइन रिकामी पडली असली तरी आम्ही पैसे मोजतो ते रात्रीचेच.

यावर खरा उतारा कॅशचा. कॅश म्हणजे इथे रोकड नव्हे, साहित्य जवळच साठवून ठेवणारा सर्व्हर (cache). एकच मालिका एकाच गल्लीतली चाळीस घरं बघत असतील, तर ती चाळीस वेळा मुंबईहून कशाला आणायची? गूगल, नेटफ्लिक्स, मेटा यांच्याकडे त्यासाठी स्वतःचे सर्व्हर आहेत. प्रोव्हायडरच्या जागेत ते बसतात, जास्त पाहिलं जाणारं साहित्य त्यात आधीच भरून ठेवतात आणि मोठ्या लिंकवरचा बराच भार उतरवतात. अडचण अशी, की तुमचा ट्रॅफिक एका मर्यादेच्या वर असल्याशिवाय ते मिळत नाहीत. एका वॉर्डापुरता धंदा करणाऱ्याला कोण विचारतो? मग तो वरच्या पुरवठादाराच्या कॅशवर विसंबतो. ती नागपुरात आहे की मुंबईत, हे विचारून न घेणारे आमच्यात पुष्कळ आहेत. नंदनवन, दिघोरी, मानेवाडा, हुडकेश्वर इथल्या चार-सहा जणांनी आपापला ट्रॅफिक एकत्र केला, लिंक एकत्र घेतली आणि कॅश एका जागी बसवली, तर सगळ्यांचंच भागेल. पण एका खांबावरून एकमेकांच्या वायरी उतरवण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांना एका टेबलाशी बसवणं सोपं नाही.

क्रिकेटपुढे मात्र आधी भरून ठेवलेली कॅश कामाची नाही, कारण सामना आधी भरून ठेवता येत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. अशा दिवसासाठी लिंक महिनाभर आधी वाढवून घ्यावी लागते, दुसरा मार्ग नाही.

दुसरी अडचण गल्लीतच असते. आमच्यापैकी अनेकांनी स्वस्त पडतं म्हणून ईपॉन मशिनं (एका फायबरवरून अनेक घरांना नेट देणारी) बसवली. त्यांच्या एका पोर्टवर वापरायला साधारण १ जीबीपीएस मिळतो आणि स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक फांद्या करणारा डबा) लावून त्यावर चौसष्टपर्यंत घरं जोडतात. त्याच पोर्टवर ३०० एमबीपीएसचे प्लॅन विकले, तर चार पोरांनी एकदम डाउनलोड लावलं की बाकी साठ घरं हात चोळत बसतात. तिथे वरची लिंक दुप्पट करून काही होत नाही. घरं दोन पोर्टवर वाटावी लागतात किंवा जीपॉन हे जास्त वेगाचं मशीन घ्यावं लागतं. आमच्यातले काही यातलं काहीच करत नाहीत आणि संध्याकाळी व्हिडिओचा वेग गुपचूप आवळतात. केंद्राने जुलै २०१८ मध्ये मान्य केलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे नेटवरच्या सगळ्या साहित्याला सारखीच वागणूक देण्याच्या, तत्त्वात हे बसत नाही. शिवाय ग्राहकाला चार दिवसांत कळतंच.

सिमेंट रस्त्याच्या खोदकामात तुटणारं फायबर आणि मे महिन्यात पेटीत तापून बंद पडणारी मशिनं हे दुखणं वेगळं, त्यावर पुन्हा कधीतरी.

राग मला आमच्याच लोकांचा येतो तो आकड्यांच्या चढाओढीचा. शेजारचा २०० देतो म्हणून आपण ३०० छापायचे, दर मात्र तोच, त्यातूनच १८ टक्के जीएसटी भरायचा, आणि मागची लिंक तेवढीच ठेवायची. त्यापेक्षा ५० एमबीपीएसचा प्लॅन विका आणि तो रात्री नऊला ५० द्या. प्रत्येक प्रोव्हायडरने मागच्या महिन्याचा संध्याकाळचा ग्राफ ऑफिसच्या दारावर लावावा, अशी सक्ती झाली तर मला आनंदच होईल. माझा मी लावायला तयार आहे.

तोवर नवीन कनेक्शन घेणाऱ्यांना एक विनंती. पत्रकावरचा आकडा पाहून सही करू नका. त्याच प्रोव्हायडरचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रविवारी रात्री नऊला जा, लॅपटॉप राउटरला वायरने जोडा आणि स्पीड टेस्ट लावा. वाय-फायवर लावू नका; मधल्या दोन भिंतींचा दोष उगाच आमच्या माथी येतो.

आपला,
एक लहान इंटरनेट व्यावसायिक
नंदनवन, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)