‘अस्पष्ट’ पान वाचणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. परदेशातून दत्तक घेतोय त्या आमच्या मुलाचं नाव आणि त्याचा देशही लिहीत नाही. ते त्याचं आहे, कुणाला सांगायचं ते त्यानंच मोठेपणी ठरवावं. पण आभार मानायचे राहून गेले, तर मला चैन पडणार नाही. गेल्या महिन्यात त्याला भेटून आलो आणि तेव्हापासून रोज हे पत्र मनात लिहिते आहे.

त्याची फाइल आली तेव्हा तो 21 महिन्यांचा होता. अकरा पानं. पहिली दहा टाइप केलेली: वजन, उंची, डोक्याचा घेर, लसी, रक्ताच्या तपासण्या. अकरावं पान हातानं लिहिलेलं, निळ्या शाईत, पाठपोट. आमच्या दत्तक संस्थेनं जे भाषांतर पाठवलं त्यात त्या पानाखाली एकच ओळ होती: ‘हस्ताक्षर अस्पष्ट, भाषांतर केलेले नाही.’

मी संस्थेला फोन केला. ‘त्यात कायदेशीर असं काही नाही, तुम्हाला गरज नाही,’ असं उत्तर मिळालं. आठवड्यानं परत केला. ‘मूल घरी आल्यावर कळेलच की सगळं.’ तिसऱ्यांदा कुणी फोन उचललाच नाही. ताई, मला अजूनही त्याचा राग येतो. पोलीस दाखला संपत आला की याच लोकांचे फोन यायचे, होम स्टडी, म्हणजे आमच्या घराच्या पाहणीचा अहवाल, जुना झाला की लगेच पत्र यायचं. आमच्या कागदांची मुदत त्यांना तोंडपाठ होती. मुलाबद्दल कुणीतरी दोन्ही बाजू भरून लिहिलंय, ते काय लिहिलंय, हे जाणून घ्यावंसं मात्र एकालाही वाटलं नाही.

तुमच्याकडे तर फक्त वैद्यकीय पानं यायची होती, डॉक्टरांना दाखवायला नीट भाषांतर हवं म्हणून. फाइल चुकून पूर्ण गेली. आणि त्या रात्री तुमचा फोन आला. ‘शेवटचं पान कुणी केलंय का? वाचता येतंय हो ते. वेळ लागतो, पण येतंय.’

मग तुम्ही ते मला फोनवर ओळ न् ओळ वाचून दाखवलंत. त्याला सांभाळणाऱ्या बाईंनी लिहिलेलं होतं. तो उजव्या कुशीवर झोपतो. दार आपटलं तर रडत नाही, गप्प होतो, आणि गप्प झाला की उचलून घ्यावं लागतं. नवीन माणसानं आधी त्याच्या तोंडाकडे बघू नये, त्याच्या हातात जे असेल त्याकडे बघावं. मी लिहून घेत होते आणि माझी अक्षरं मलाच दिसत नव्हती. तोवर आमच्याकडे त्याचं वजन होतं, त्याच्या डोक्याचा घेर होता. त्या रात्री पहिल्यांदा आमच्याकडे तो होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याचे शब्द पाठवलेत. पुस्तकातले नाहीत, तो जसे उच्चारतो तसे, देवनागरीत लिहून आणि शिवाय तुमच्या आवाजात. पाणी. उचल. दुखतंय. पुरे. प्रत्येक शब्द दोनदा, सावकाश. याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. विचारलं तर विषय बदललात.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती त्या यादीतली शेवटची ओळ. चिठ्ठीत होतं, ‘रात्री जाग आली की नूगू म्हणतो. ते मिळालं की झोपतो.’ खाली तुम्ही लिहिलं होतंत: ‘हा शब्द त्या भाषेत नाही. बहुधा त्याचा स्वतःचा आहे. मला अर्थ माहीत नाही आणि मी अंदाज लिहिणार नाही.’

काहीतरी गोड लिहून टाकता आलं असतं. दुपटं, बाहुली, अंगाई. आम्ही आनंदानं खरं मानलं असतं. एवढ्या भुकेल्या माणसांना आशा विकणं फार सोपं असतं, हे आता मला ठाऊक आहे. आणि कागदावरच्या अंदाजाची किंमत शेवटी मूलच मोजतं. दक्षिण कोरियाच्या सत्य व सलोखा आयोगानं मार्च 2025मध्ये जाहीर केलं, की परदेशात दत्तक गेलेल्या कित्येक मुलांच्या नोंदी बनावट होत्या. आईवडील असलेल्यांना अनाथ दाखवलं, काहींची ओळखच बदलली. ती मुलं आज मोठी झालीत आणि आपली फाइल उघडून बसलीत. देशादेशांतल्या दत्तकाविषयीच्या 1993च्या हेग कराराचं तिसावं कलम म्हणतं की मुलाच्या मुळाविषयीची माहिती जपून ठेवली पाहिजे. कलम आम्हाला पाठ आहे. ते पाळणारं माणूस कसं असतं हे तुमच्यामुळे बघायला मिळालं. स्वतःचं काम नेकीनं करणारी माणसं फार बोलत नाहीत. आपल्याला जे ठाऊक नाही तिथे ती थांबतात. मूल एका देशातून दुसऱ्या देशात जातं तेव्हा त्याचं सगळं आयुष्य अशा दहा-बारा अनोळखी माणसांच्या हातांतून जातं, आणि त्यातल्या एकानं जरी ‘चालतंय’ म्हटलं, तरी ते पुढे त्या मुलालाच निस्तरावं लागतं.

मधलं वर्ष कसं गेलं ते सांगत बसत नाही. दोन्ही देशांच्या प्राधिकरणांची संमती लागते, ती लागावीच. दत्तकाच्या घाईत मुलांची विक्री झालेली जगानं पाहिली आहे. पण वाट बघणाऱ्याला भीती असतेच. 2018मध्ये इथिओपियानं परदेशी दत्तक बंद केलं. 2024मध्ये चीननं जवळच्या नातलगांचा अपवाद ठेवून दार लावलं, आणि ज्यांच्या हातात मुलाचा फोटोही आला होता ती घरं तशीच राहिली. बातम्या लावल्या की माझ्या पोटात गोळा यायचा. तेव्हा मी तुमचा आवाज लावायचे आणि शब्द म्हणायचे. पाणी. उचल. दुखतंय. पुरे.

गेल्या महिन्यात भेटीची परवानगी मिळाली. पाच दिवस. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई आता तिथे नाहीत, काम सोडून गेल्या. ‘नूगू’ कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ते पान गेलं असतं तर त्याच्या पहिल्या दोन वर्षांतलं सगळं गेलं असतं.

पहिल्या दिवशी त्याच्या हातात प्लास्टिकचं एक लाल झाकण होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, झाकणाकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं त्यानं ते माझ्या गुडघ्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी दूर कुठेतरी दार आपटलं आणि तो गप्प झाला. मी त्याच्या भाषेत ‘उचलू?’ म्हटलं, तुमच्या आवाजात ऐकलं होतं तसं. त्यानं दोन्ही हात वर केले.

आता कोर्टाच्या आदेशाची वाट बघतोय. तारीख अजून लागलेली नाही. लागली की तुम्हाला आधी कळवीन.

आणि एक. चौथ्या दिवशी दुपारी तो झोपला होता, मी पलंगाशी खाली बसले होते. अर्धवट जाग आली, डोळे मिटलेलेच, आणि म्हणाला, ‘नूगू.’ माझे हातपाय गार पडले. काय देऊ याला? तेवढ्यात त्यानं पांघरुणातून एक पाऊल बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी मुठीत धरलं. तो झोपला.

ताई, तुमच्या यादीतल्या त्या ओळीपुढे लिहून ठेवा: पाऊल धरून बस.

तुमची,
वाट बघणारी एक आई