आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मेंदूच्या यंत्राआधी माणूस नेमा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात वर्तनशास्त्राचे काम करते. ताणापायी ज्यांची झोप उडाली आहे, रक्तदाब चढला आहे, अशा माणसांना स्वतःचा श्वास, स्नायू आणि लक्ष आवरायला शिकवणे हा माझा व्यवसाय. बायोफीडबॅक (नाडी, श्वास असे शरीरातले बदल पडद्यावर दाखवून ते आवरायला शिकवणे) आणि न्यूरोफीडबॅक (तेच मेंदूच्या लहरींबाबत) ही त्यातली साधने. हल्ली शाळांचे संस्थाचालक, क्लासवाले, कधी कधी लोकप्रतिनिधीही विचारतात, "मॅडम, ते मेंदूचं मशीन आपल्याकडं बसवता येईल काय?" सरकारी रुग्णालयांसाठी अशी यंत्रे घ्यावीत, असा प्रस्ताव आज ना उद्या आपल्या टेबलावर येईल. तो येण्याआधी माझी विनंती पोहोचावी म्हणून हे पत्र. माझे पोट याच यंत्रांवर चालते, तरीही सांगते: आधी माणसे नेमा, यंत्रे मागाहून घ्या.

न्यूरोफीडबॅकचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण जाहिरातीत फक्त रंगीत पडदा दिसतो. डोक्याच्या मधोमध एक इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचा सिग्नल टिपणारी छोटी चकती, चिकटवायचा, कानाच्या पाळ्यांना दोन क्लिपा लावायच्या. मेंदूकडून येणारा सिग्नल काही मायक्रोव्होल्टचा, म्हणजे अगदीच क्षीण. संगणक तो वाचतो आणि हवी ती लहर वाढली की पडद्यावरचे चित्र पुढे सरकते किंवा आवाज येतो. त्या खुणेवरून मेंदू हळूहळू शिकतो. आता आपल्याकडची शाळकरी मुलगी येते ती चापूनचोपून तेल लावून. तेलावर पेस्ट धरत नाही. केस बाजूला सारून ती जागा रेताड जेलने घासायची, मीटरवर त्वचेच्या विद्युतरोधाचा आकडा पाच किलो-ओहमच्या खाली आला की मगच पुढे जायचे. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल तर ५० हर्ट्झची वीज सिग्नलमध्ये घुसते. आणि मुलीने नुसते दात आवळले तरी जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या लहरींना झाकून टाकतो. न शिकलेला ऑपरेटर नेमके तेच पालकांना दाखवून म्हणतो, "बघा, मेंदूवर किती ताण आहे!" हा फरक यंत्राला कळत नाही. तो शेजारी बसलेल्या माणसाला कळावा लागतो, आणि तो कळायला वर्षे जातात.

या विद्येचा इतिहास मोठा आहे. १९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूची विद्युतलहर पहिल्यांदा टिपली. दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी ध्यानाला बसलेल्या योग्यांचे ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचे आलेख, काढले, तो अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना खाऊचे बक्षीस देऊन १२ ते १५ हर्ट्झची एक लहर वाढवायला शिकवले. पुढे रॉकेटच्या इंधनाचे विषारी परिणाम तपासताना असे दिसले, की या शिकलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात. तिथून फेफऱ्याच्या रुग्णांपर्यंत ही पद्धत पोहोचली. हा सगळा प्रवास मला आजही थरारून टाकतो.

म्हणूनच पुढचेही सांगायला हवे. अतिचंचल मुलांवर, म्हणजे एडीएचडी असलेल्यांवर, न्यूरोफीडबॅकची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. ७ ते १० वर्षांची १४४ मुले होती. कुणाला खरे प्रशिक्षण मिळते आहे आणि कुणाला नकली, हे पालकांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: दोन्ही गटांतली मुले सुधारली, आणि खऱ्या-खोट्यात म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. मी यातून असे समजते, की आठवड्यातून अनेकदा मुलासमोर शांतपणे बसणारे, त्याच्या छोट्या छोट्या यशाची दखल घेणारे माणूस हाच या उपचारातला मोठा हिस्सा आहे. यंत्राने तेवढ्यापुरते बसायला निमित्त दिले.

आणि बाजारात नेमके उलटे विकले जाते. शहरातल्या एका केंद्राने दहावीतल्या एका मुलाच्या आईकडून चाळीस सत्रांचे पैसे आगाऊ घेतले. ही बाई घरी शिवणकाम करते. फाईल घेऊन माझ्याकडे आली. फाईलमध्ये मेंदूचे लाल-निळे नकाशे होते, "एकाग्रता वाढेल, टक्केवारी वाढेल" असा मजकूर होता. मुलगा किती झोपतो, याची नोंद एकाही पानावर नव्हती. तो रात्री दोनपर्यंत मोबाइलवर आणि सकाळी सहाला क्लासला. चाळीस सत्रांत हे एकदाही कुणी विचारले नाही! त्या बाईने कुणाकडे दाद मागायची? नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. दुकानगाळ्यात एक संगणक आणि एक खुर्ची टाकून बसलेल्याला तो लागत नाही.

महोदय, ज्याचा उपयोग होतो ते बहुतेकदा स्वस्त असते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून पाळीवर काम करणारे लोक माझ्याकडे येतात. त्यातला एक जण म्हणाला, "झोपच लागंना झालीया. आडवं झालं की डोक्यात भट्टी पेटतीया." त्याच्या बोटाला नाडी मोजणारा छोटा सेन्सर लावला आणि मिनिटाला साधारण सहा श्वास, एवढ्या संथ लयीत श्वास घ्यायला शिकवले. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना उतरते. ही लाट पडद्यावर मोठी होताना तो स्वतः बघत होता. खांदे खाली आले तेव्हा म्हणाला, "एवढं आवळून धरलंवतं व्हय मी?" ताणासाठी या श्वासाच्या बायोफीडबॅकचा पुरावा चांगला आहे. सेन्सर काही हजारांत येतो. पण तो लावणाऱ्याला हेही कळले पाहिजे, की या माणसाला रात्रपाळी, कर्ज आणि दारू यांतले नेमके काय खाते आहे, आणि आता याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायची वेळ आली आहे का.

पुराचे तर आपण जाणताच. २०१९ आणि २०२१ नंतर चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची माणसे जुलै लागला की फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत रात्री काढतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. हे आकडे तिथल्या पोरांनाही पाठ आहेत. पंचनामा घर आणि जनावरांचा होतो. पावसाच्या आवाजाने दचकून उठणाऱ्या बाईसाठी गावात कोण आहे? १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे, तो चांगलाच आहे, पण त्या गावातल्या फार थोड्यांना तो ठाऊक असतो.

आता माणसे कुठून आणायची, हा प्रश्न आपण विचाराल. ती इथेच आहेत. दरवर्षी मुले-मुली मानसशास्त्रात एम.ए. करून बाहेर पडतात. पुढे काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम हवा, तिथल्या जागा मोजक्या आणि बहुतेक परगावी. बायोफीडबॅक शिकायचे तर परदेशी संस्थेचे प्रमाणपत्र, त्याची फी परकीय चलनात, आणि सरकारी पदाच्या जाहिरातीत ते धरलेले मी तरी पाहिलेले नाही. मग कुणी बी.एड. करते, कुणी एमपीएससीला बसते, कुणी एखाद्या ब्रेन ट्रेनिंगच्या दुकानात महिन्याच्या पगारावर यंत्र चालवते. माझ्याकडे शिकून गेलेली एक हुशार मुलगी आज पुण्यात विमा कंपनीत आहे. तिचा हात इलेक्ट्रोडवर इतका हलका होता की लहान मुले डोके हलवत नसत. असे हात आपण गमावतो आहोत, याचे मला खरोखर दुःख होते.

नेमबाजीत मात्र या कामाची किंमत कळली. अभिनव बिंद्रा यांनी आपल्या तयारीत बायोफीडबॅक वापरल्याचे स्वतः सांगितले आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात खेळाडूच्या मनाच्या तयारीबद्दल वेगळे सांगायला नको. तीच शिदोरी फौंड्रीतल्या कामगाराला आणि पूरग्रस्त बाईलाही मिळायला हवी.

कायद्याचा आधार आपल्या हाताशी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा हक्क ठरवला. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्यात वर्तन-आरोग्याचे व्यावसायिक नावानिशी आलेले आहेत आणि राज्य परिषदेने त्यांची नोंदणी करायची आहे. ती नोंदणी या क्षेत्रासाठी लवकर सुरू करा. नोंदणी नसलेल्याला पैसे घेऊन न्यूरोफीडबॅक देता येऊ नये, आणि "गुण वाढतील" असे छापणाऱ्याला नोटीस जावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली पदे कंत्राटावर ठेवू नका. करार संपला की समुपदेशक जातो आणि रुग्णाने पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, हे फार क्रूर आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात एक प्रशिक्षण कक्ष काढा, तिथे एम.ए. झालेल्यांना वर्षभर विद्यावेतन देऊन मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकवा, आणि मग ग्रामीण रुग्णालयांत पाठवा. न्यूरोफीडबॅकचे यंत्र त्या कक्षात एकच पुरे, तेही संशोधनासाठी आणि निकाल जाहीर करण्याच्या अटीवर.

शिकवायला मी यायला तयार आहे, मानधन न घेता. सुरुवात शिरोळ आणि करवीर तालुक्यांपासून करावी आणि पहिली तुकडी येत्या जूनच्या आत गावांत पोहोचावी, एवढी व्यवस्था आपण करावी.

आपली नम्र,
कोल्हापुरातील एक वर्तनशास्त्रज्ञ