कॅड शिकवताना आधी वर्कबेंच समजावा

संपादक महोदय,

आयटीआय, पॉलिटेक्निकमधून कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग-डिझाइन) शिकून वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला लागणाऱ्या पुष्कळ मुलांना कमांड तोंडपाठ असतात; कुठलं काम कुठल्या वर्कबेंचवर (एका प्रकारच्या कामासाठीच्या टूल्सचा संच) करायचं, हे मात्र नीट सांगितलेलं नसतं. मग फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये 'टूलबार गायब झाला' म्हणून सॉफ्टवेअरच पुन्हा टाकतात! गायब काहीच झालेलं नसतं. वरच्या यादीतून वर्कबेंच बदलला की समोरची टूल्स बदलतात, फाइलमधला पार्ट आहे तसाच राहतो. ऑटोकॅडच्या वर्कस्पेसचंही तेच. तो खाली उजवीकडच्या दातेरी चाकावरून बदलतो.

१०० × ६० × १० मिमीची, एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टसाठी चार भोकांची प्लेट घ्या. पार्ट डिझाइन वर्कबेंचमध्ये बॉडी (पार्टचे सगळे टप्पे एकत्र ठेवणारा घटक) करून एक्स-वाय प्रतलावर स्केच उघडलं की स्केचर वर्कबेंच आपोआप येतो. आयताला मापं द्यायची, मध्य मूळबिंदूला बांधायचा. सगळ्या रेषा हिरव्या झाल्या की स्केच पक्कं. ते बंद करून १० मिमी पॅड, म्हणजे स्केचला तेवढी जाडी. भोकं ९ मिमीची. त्यांचं स्केच प्लेटच्या वरच्या पृष्ठभागावर नको, पुन्हा एक्स-वाय प्रतलावरच घ्यावं. कारण आधीच्या स्केचमध्ये बदल केला की पृष्ठभागांची अंतर्गत नावं बदलतात आणि भोकं भलतीकडे जातात. २०२४ च्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झालाय, पण जुनी आवृत्ती असेल तर सांभाळावं. भोकं कापणाऱ्या पॉकेट कमांडला 'थ्रू ऑल'सोबत (आरपार) 'रिव्हर्स्ड'वरही (उलट दिशा) टिक हवी, नाहीतर ते प्लेटच्या खाली हवेतच कापत बसतं.

लेझर कटिंगवाल्याची डीएक्सएफ (सपाट रेषाचित्राची फाइल) सहसा स्केच म्हणून उघडत नाही. ड्राफ्ट वर्कबेंचमधल्या 'ड्राफ्ट टू स्केच'ने ती बदलून घ्यावी लागते. तरी पॅड होत नसेल तर कुठल्यातरी दोन रेषांची टोकं जुळलेली नसतात. स्केचरमधलं 'व्हॅलिडेट स्केच' ती शोधून देतं.

कागदावरच्या ड्रॉइंगसाठी टेकड्रॉ वर्कबेंच. तिथे व्ह्यू घेताना बॉडी निवडावी. शेवटचं पॉकेट निवडलं, तर नंतर दिलेला फिलेट (कडेची गोलाई) कागदावर येतच नाही, आणि ही चूक थेट शॉपफ्लोअरवर कळते. प्रोजेक्शन (कागदावर व्ह्यू मांडायची पद्धत) फर्स्ट अँगल आहे ना, तेही पाहावं.

प्रात्यक्षिकाच्या वहीत कमांडची यादी लिहून घेण्याऐवजी प्रत्येक पार्टसमोर वर्कबेंचचा क्रम लिहून घ्यावा आणि तोंडी परीक्षेत त्यावरच विचारावं, एवढी संस्थांना विनंती.

– एक शिल्प निदेशक, छत्रपती संभाजीनगर