ओसाकाच्या टॉवरांबद्दल, सविस्तर

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजची मुलं घेऊन ओसाकाला चालला आहेस, उंच इमारतींसाठी एकच दिवस हातात आहे, तर कोणत्या दाखवू असं विचारलंस. तीन दाखव: साकिशिमाची सरकारी इमारत, आबेनो हारुकास आणि वेळ उरला तर उमेदा स्काय बिल्डिंग. क्रमही हाच ठेव. सगळ्यात उंच हारुकास आहे म्हणून आधी तिथे धावू नकोस. साकिशिमात काय बिघडलं ते मुलांना आधी कळलं, तर हारुकासमध्ये एवढा खटाटोप कशासाठी केला ते समजावत बसावं लागणार नाही.

साकिशिमाची इमारत 1995 मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर म्हणून उभी राहिली. 55 मजले, 256 मीटर, आणि तीही समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर. धंद्याचं गणित बसलं नाही. 2010 मध्ये ओसाका प्रांताच्या सरकारने ती विकत घेतली, मुख्यालयच तिथे न्यायचा बेत होता. मग 11 मार्च 2011 चा तोहोकूचा भूकंप झाला. केंद्र 700 किलोमीटरहून लांब. ओसाकात जपानी मोजपट्टीवर तीव्रता 3, आणि ही पट्टी 7 पर्यंत जाते. म्हणजे कपाटातली भांडी खडखडावीत इतपत. तरीही ही इमारत जवळजवळ दहा मिनिटं डोलत राहिली. 52व्या मजल्यावर ती एका बाजूला 137 सेंटीमीटर गेली, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन मीटर. सांगाडा शाबूत राहिला, पण छताचे तक्ते, भिंती, आगीचे दरवाजे मिळून सुमारे 360 ठिकाणी मोडतोड झाली. लिफ्ट बंद पडल्या आणि माणसं आत अडकली. मुख्यालय पूर्णपणे हलवण्याचा बेत त्याच वर्षी सोडून द्यावा लागला.

हे का झालं, तिथेच खरा धडा आहे. ओसाकाच्या खाली गाळाचे थर खाडीच्या बाजूला दीड किलोमीटरहून खोल आहेत. मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा दूरवर पोचेपर्यंत फारशा विरत नाहीत, आणि अशा खोऱ्यात शिरल्या की आतच घुमत राहतात. साकिशिमाच्या जमिनीचा दोलनकाल, म्हणजे एक हेलकावा पुरा व्हायला लागणारा वेळ, साडेसहा सेकंदांच्या आसपास, इमारतीचाही साडेसहा ते सात. झोपाळ्याला नेमका परत येताना धक्का देत गेलं तर हलक्या हातानेही तो उंच जातो, तसं झालं. मुलांना फळ्यावर करून दाखवायला सोपं सूत्र आहे: स्टीलच्या इमारतीसाठी जपानी नियमांतला ढोबळ दोलनकाल म्हणजे मीटरमधली उंची गुणिले 0.03. 60 मीटरला 1.8 सेकंद, 256 मीटरला 7.7. खूप उंच इमारतींचा प्रत्यक्ष आकडा यापेक्षा थोडा कमी निघतो, पण कुठली इमारत कुठल्या लाटेच्या तावडीत सापडेल ते लगेच लक्षात येतं.

पुढे डॅम्पिंग, म्हणजे डोल शमवण्याची इमारतीची क्षमता. नुसत्या स्टीलच्या सांगाड्यात ते जेमतेम 1 टक्का. अशी इमारत एकदा डोलायला लागली की हेलकावा निम्मा व्हायला साधारण 11 आवर्तनं लागतात. साडेसहा सेकंदांच्या हिशेबाने सव्वा मिनिटाच्या आसपास. डॅम्पिंग 5 टक्के केलं तर दोन-सव्वादोन आवर्तनांत, म्हणजे पंधराएक सेकंदांत काम होतं. जमीन तालात हलतच राहिली तर फरक आणखी ठळक दिसतो: 1 टक्क्याला हालचाल 50 पटींपर्यंत वाढू शकते, 5 टक्क्यांना 10 पट. साकिशिमात नंतर स्टीलचे आणि तेलाचे असे दोन्ही प्रकारचे डॅम्पर बसवले, ते याचसाठी. नुसते कॉलम जाड करून हे साधत नाही. ताठपणा वाढला की दोलनकाल सरकतो आणि इमारत दुसऱ्या एखाद्या लाटेशी जुळू शकते.

आता हारुकास. 60 मजले, बरोबर 300 मीटर, 2014 मध्ये पूर्ण सुरू झाली. 2023 मध्ये तोक्योत 325 मीटरची इमारत होईपर्यंत जपानात हीच सगळ्यात उंच. खाली किन्तेत्सूचं डिपार्टमेंट स्टोअर, मध्ये ऑफिसं, वर हॉटेल. तिन्हींना लागणारी जागा वेगळी, म्हणून ठोकळे वर जाताना उत्तरेकडून आत आत सरकत जातात. दुकानाला मोकळा मजला हवा आणि हॉटेलला खिडक्यांची भिंत. त्यामुळे कॉलमांच्या ओळी सरळ खालपर्यंत उतरत नाहीत. तो भार वाटून घ्यायला ठोकळ्यांच्या सांध्यांवर आउटरिगर ट्रस, म्हणजे आडव्या पसरलेल्या स्टीलच्या भक्कम कैच्या आहेत.

कॉलम म्हणजे काँक्रीट भरलेल्या स्टीलच्या नळ्या. काही ठिकाणी काँक्रीटची ताकद 150 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. अशा नळ्यांत काँक्रीट शक्यतो खालून पंपाने वर चढवतात. नळीच्या आत बीमच्या पातळीवर आडव्या प्लेटा असतात, त्यांच्या मधोमध मोठं भोक आणि कोपऱ्यांत हवेसाठी छोटी भोकं. वरून ओतलं किंवा घाईने पंप केलं तर प्लेटेच्या खाली हवा कोंडून पोकळी राहते, आणि ती बाहेरून दिसत नाही. काँक्रीटिंग शिकवतोस ना, मग हा मुद्दा सोडू नकोस.

खालच्या भागात तेलाचे आणि घर्षणाचे डॅम्पर आहेत. 56व्या मजल्यावर वाऱ्याचा डोल कमी करणारं वजन आहे, हॉटेलच्या पाहुण्यांना मळमळू नये म्हणून. इमारतीच्या दोलनकालाशी जुळणारा, समजा सहा सेकंदांचा, साधा लोलक टांगायचा तर दोर 9 मीटर लागतो. एवढी उंची एका मजल्यात कुठून आणणार? म्हणून सरळ लोलकाला उलटा लोलक जोडून तोच दोलनकाल कमी उंचीत बसवलाय. मला त्या इमारतीतली सगळ्यात देखणी युक्ती हीच वाटते.

मुलं विचारतील, उमेदा एवढं गजबजलेलं, मग तिथे 300 मीटर का नाही? कारण इतामी विमानतळ. तो शहराच्या उत्तरेला आणि उमेदाला जवळ, त्यामुळे तिथले टॉवर 190 मीटरच्या आसपास अडतात. आबेनो दक्षिणेला, लांब. 2007 मध्ये तिथली उंचीची अट सैल झाली, म्हणून 300 जमलं. ओसाका प्रांतातल्याच इझुमिसानो शहराच्या रिंकू गेट टॉवरची उंची 256.1 मीटर, साकिशिमापेक्षा 10 सेंटीमीटर जास्त. दोघांच्या चढाओढीचा तो पुरावा, पण एवढ्यासाठी तिकडे जाऊ नकोस.

नियमांचं थोडक्यात: 60 मीटरवरच्या प्रत्येक इमारतीला वेळेनुसार कंपनांचं विश्लेषण आणि मंत्र्यांची मंजुरी लागते. एप्रिल 2017 पासून नव्या अर्जांत ओसाकासकट काही भागांत नानकाई खंदकाच्या, म्हणजे जपानच्या दक्षिणेला समुद्रतळाशी असलेल्या भूकंपप्रवण खाचेच्या, संथ लाटाही धराव्या लागतात.

दिवस असा आख. सकाळी साकिशिमासाठी कॉस्मोस्क्वेअरहून एक स्टेशन पुढे, ट्रेड सेंटर-माए. सोमवार टाळ. लिफ्ट थेट 52व्या मजल्यावर नेते, तिथून लांब एस्कलेटरने 55व्या. 137 सेंटीमीटर याच 52व्या मजल्यावर मोजले होते. मुलांना तिथे थांबवून भिंतीपासून तेवढं अंतर पावलांनी मोजायला लाव. वरून बंदर दिसतं. ओसाकाच्या गिरण्यांसाठी मुंबईचा कापूस या किनाऱ्याला यायचा. 1893 मध्ये टाटा आणि निप्पोन यूसेन ही जपानी जहाज कंपनी यांनी मिळून मुंबईची बोट सुरू केली ती त्यासाठीच. तुझे आजोबा गिरणीतले, म्हणून लिहिलं.

दुपारी तेन्नोजी, म्हणजे हारुकासचं स्टेशन. हारुकासच्या 16व्या मजल्यावरची बाग फुकट आहे, डबे तिथे खा. वरचं तिकीट ज्यांना हवं त्यांनीच काढावं. संध्याकाळी उमेदा स्काय बिल्डिंगमध्ये 35व्या ते 39व्या मजल्यामध्ये हवेत लटकलेले एस्कलेटर बघा. तिथल्या दोन टॉवरांना वर जोडणारा भाग जमिनीवर बांधून तारांनी वर उचलला होता.

एक गोष्ट मात्र आधीच बजावून ठेव. वरच्या मजल्यावर असताना भूकंपाची सूचना आली तर लिफ्टकडे पळायचं नाही. दोर हेलकावून शाफ्टमध्ये अडकतात. खिडकी आणि उंच कपाटांपासून दूर, खाली बसायचं, आणि डोल थांबला असं वाटलं तरी काही मिनिटं उठायचं नाही.

तारखा ठरल्या की कळव.

तुझा,
अनिरुद्ध