आधी आकडा सांग

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलले असते, पण तुझा आवाज ऐकला की मी जेवणाखाण्याचं विचारत बसते आणि खरं बोलायचं राहून जातं. म्हणून लिहिते आहे.

शुक्रवारी तू म्हणालास, गोल्फच्या स्पर्धेत चाळिसावा आलो, थोडे पैसे मिळाले. लगेच ८ हजार पाठवलेस. अण्णांना इतका आनंद झाला की सोयाबीनची पोती मोजता मोजता आकडा विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मी काही बोलले नाही. मला बुधवारीच कळलं होतं.

लेकरा, अंगणवाडीच्या लेकरांची माहिती पोषण ट्रॅकरमध्ये भरता भरता मोबाइल मला चांगला जमायला लागलाय. तुझ्या स्पर्धेचा स्कोअर कुठं दिसतो ते शेजारच्या पोरीनं एकदा दाखवलं, तेव्हापासून तुझी एकही स्पर्धा मी सोडली नाही. पहिल्या दिवशी ७४ फटके, दुसऱ्या दिवशी ७४. कोर्स ७२ पारचा, म्हणजे दिवसाला ७२ फटक्यांत संपवायचा; दोन दिवसांत तुझे ४ जास्त. तुझे १४८ आणि कट, म्हणजे पुढं खेळायची हद्द, लागला १४७ वर. पहिले ५० आणि पन्नासाव्याच्या बरोबरीचे तेवढे पुढं खेळतात, बाकीच्यांना त्या आठवड्याचा एक रुपया मिळत नाही, हे तूच मला समजावून सांगितलं होतंस. अठराव्या होलचा पार ४ आणि तुझे तिथं ६ लागले. ५ लागले असते तरी तू आत होतास. काय झालं रे तिथं? पाण्यात गेला का बॉल, की होलजवळचा शेवटचा हलका फटका, तो पट, हुकला? त्या रात्री मी भाकरी थापताना तेच मोजत होते.

कट चुकला याचं मला वाईट वाटलं, पण ते सोसलं. तू खोटं सांगितलंस ते मात्र सोसवेना.

तू १६ वर्षांचा असताना मुलांच्या एका स्पर्धेत बॉलजवळचा पाला उचलताना बॉल किंचित हलला होता. कुणी पाहिलं नव्हतं. तरी तू स्वतःहून एक फटका वाढवून लिहिलास आणि बक्षीस गेलं. घरी येऊन मला म्हणालास, "आई, ह्या खेळात आपला पंच आपणच असतो. फटके लिहायच्या कार्डावर सही आपली असते." एका होलचा आकडा जरी खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली, तरी स्पर्धेतून बाद करतात, हेही तेव्हाच सांगितलंस. ते मी अंगणवाडीतल्या बायांना किती वेळा सांगितलं असेल! मग कार्डावर खरं लिहिणारा हात आईला खोटा आकडा कसा काय देतो?

माझं काम तुला माहीत आहे. दर महिन्याला लेकरं काट्यावर ठेवायची आणि येईल ते वजन लिहायचं. एखादी आई हात जोडते, "बाई, अर्धा किलो वाढवून लिहा, सासू बोलते." मी लिहीत नाही. कमी भरलेलं वजन कमीच लिहिलं तरच त्या लेकराकडं जास्तीचं लक्ष जातं, त्याला जास्तीचा आहार मिळतो. वाढवून लिहिलं तर ते उपाशी राहतं आणि कागदावर गुटगुटीत दिसतं. तू चाळिसावा आहेस असं समजून आम्ही इथं निवांत बसायचं, आणि तू तिकडं एका खोलीत तिघं राहून अर्धपोटी सराव करायचा, असं मला नको आहे.

तुला २०१६ चा उन्हाळा आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि आपल्या वस्तीवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागायची. सुट्टीत तू पुण्याला मामाकडं गेला होतास. मी तुला न्यायला आले, तर मामा गोल्फ कोर्सवर गवताला पाणी देत होता. एवढं हिरवं गवत मी त्या वर्षी कुठंच पाहिलं नव्हतं. मला रागच आला, रडू आलं. तुला ओढत बाहेर आणायचं ठरवूनच मी आत शिरले. तू एका कडेला उभा होतास, कुणाची तरी जुनी काठी हातात. बॉल मारलास, आणि तो खाली येईपर्यंत तू श्वासच घेतला नाहीस. मी तिथंच थांबले. त्या पाण्याचा राग अजून गेलेला नाही माझ्या मनातून, पण तुला त्या गवतावरून ओढून आणणं मला जमलं नाही.

२०२१ मध्ये ७ ऑगस्टला आपण सगळे पहाटे उठून टीव्हीसमोर बसलो होतो. आदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फला चौथी आली, एका फटक्यानं पदक हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्रानं भालाफेकीत सोनं आणलं आणि गाव आदितीला विसरून गेलं. तू विसरला नाहीस. तिचे चारही दिवसांचे आकडे वहीत उतरवून ठेवलेस. ती वही अजून ट्रंकेत आहे.

महूच्या गोल्फ खेळणाऱ्या मुकेश कुमारचं तू नेहमी सांगतोस. तो आधी कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी उचलणारा, होता, आणि आशियाई टूरवर, म्हणजे आशियातल्या देशांत होणाऱ्या स्पर्धांत, पहिल्यांदा जिंकला तेव्हा ५१ वर्षांचा होता. खरं आहे. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं तो देशातल्या स्पर्धा जिंकत होता, त्यावरच त्याचं घर चाललं. तेव्हा ५१ चा आकडा धरून बसू नकोस.

आता पैशाचं. एन्ट्री, गाडीभाडं, लॉज, कॅडी धरून आठवड्याला २५ हजारांच्या खाली भागत नाही, असं तू उन्हाळ्यात म्हणाला होतास. एक कोटीच्या स्पर्धेत पहिल्याला १५ लाख मिळतात हे मी धरतच नाही. तीन स्पर्धांत कट चुकला म्हणजे ७५ हजार गेले. मग हे ८ हजार आले कुठून? उसने घेतले असशील तर कुणाकडून ते मला सांग. मी ते तुझ्या खात्यावर परत टाकले आहेत. अण्णांनाही सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पोराला म्हणावं, घराचं मी बघतो."

तर असं कर. पुढच्या क्यू-स्कूलपर्यंत, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क देणाऱ्या त्या स्पर्धेपर्यंत, मन लावून खेळ आणि घरी एक पैसा पाठवू नकोस. भिशीचे ३० हजार पौषात मिळतील, ते तुझे. सावकाराकडं जायचं नाही, मित्रांकडंही हात पसरायचा नाही. क्यू-स्कूलला टूरचं कार्ड नाही मिळालं, तर घरी ये, आपण तिघं बसून बोलू. गोल्फ शिकवणाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळतं असं तू एकदा म्हणाला होतास. मामाच्या वस्तीतली पोरं कुंपणातून आत बघत उभी असतात, त्यांना तू शिकवलंस तर मला फार आवडेल. पण ते नंतरचं.

मामाच्या हाती शेंगदाण्याचे लाडू आणि ज्वारीचं पीठ पाठवते आहे. खोलीतल्या दोघांनाही दे.

पुढच्या बुधवारी फोन करशील तेव्हा आधी आकडा सांग. मग मी विचारीन, जेवलास का.

तुझी,
आई